डबलची पेटी

रामटेके कंडक्टर खुर्चीवर बसलेले मी फार कमी वेळा पाहिले. नोकरी संपून वर्षं झाली तरी माणूस उभाच. माझं फर्निचरचं दुकान, खुर्च्यांना तोटा नाही. ते आले की मी एक पुढे सरकवायचो, पण ते दाराच्या चौकटीला पाठ टेकवायचे, पाय थोडे फाकवायचे आणि चहा उभ्यानेच घ्यायचे. खालची जमीन आत्ता हलेल, असं धरूनच ते आयुष्यभर उभे राहिले. कुरखेड्याहून कोरची, मालेवाडा, पुराडा हे रस्ते ज्यांनी तेव्हा पाहिले आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

त्यांच्याबद्दल मी लिहावं हे काही जणांना आवडणार नाही. त्यांच्या मुलीला तर नाहीच. गावात एक गोष्ट फिरते. गुणवंताच्या, म्हणजे माझ्या, पेटीमुळे कंडक्टर राहून गेला, अशी. दुसऱ्याच्या दुकानात रंधा मारून मी मोठा झालो. कुणाचं फुकटचं ऐकून घ्यायची मला सवय नाही. म्हणून जे झालं ते सांगतो. आणि तो माणूस कसा होता ते आधी कळल्याशिवाय जे झालं ते कळणार नाही.

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो ते भांडायलाच. कोरचीच्या बाजारातून बकरीचं एक पिल्लू भाव पाडून आणलं होतं. पोत्यात घातलं, तोंड बाहेर ठेवलं आणि गाडीच्या टपावर बांधून खाली उतरलो. कंडक्टर दारात उभे.

"वरचं पिल्लू कोनाचं आहे?"

"माझं."

"उतरव."

"काऊन? दोरी बांधली ना चांगली."

"सामान टपावर. जीव टपावर नाई. मांडीवर घे."

"मांडीवर मुतलं त तुम्ही धुसान का कपडे?"

"तू धुशील. पिल्लू तुझं आहे."

गाडी हसली. मी पिल्लू उतरवलं, मांडीवर घेतलं, तर त्याचंही तिकीट फाडून हातात दिलं. कुरखेडा येईपर्यंत मी घासाघीस केली. पिल्लाला जागा लागत नाही, ते उभंही नाही, बसलेलंही नाही, असे सगळे मुद्दे मांडले. ते प्रत्येक मुद्दा पूर्ण ऐकायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "टिकिटाचा भाव होत नसते, बाबू." पुढे मी या तालुक्यात मोठमोठ्या ठेकेदारांना खाली आणलं. हा एक माणूस कधी खाली आला नाही. मुतलं ते पिल्लू, हेही सांगून टाकतो.

त्यांचं सगळं बोलणं गाडीतलं. लग्नात पंगत बसली की ते मधून चालत जायचे आणि म्हणायचे, "सरका, सरका, मांगं जागा आहे." पाहुणा आला की "किती दिवस राहता" असं न विचारता "कुठी उतरता?" विचारायचे. गाडी गच्च भरली आणि माणसं खाली राहिली, की दारातून वाकून सांगायचे, "मांगची गाडी रिकामी येऊन राह्यली." मागची गाडी कधीच रिकामी येत नसे. पुष्कळदा ती येतच नसे. पण ते इतक्या मायेने सांगायचे की माणसं सावलीत जाऊन बसायची. त्यांची बायको सुशीलाबाई त्यांना चारचौघांत टोमणा मारायची, "लग्न लावताना बी म्हनत होते, मांगची गाडी पाहून घ्या म्हनून. मीच चढली घाईनं." त्यावर ते लाजायचे. त्यांना लाजताना पाहणं ही मजा होती.

डबल हा त्यांचा कुत्रा. कोरचीच्या पलीकडे एका गावात गाडी मुक्कामाला जायची. एका सकाळी गाडी सुरू करताना मागच्या चाकाजवळून कुईकुई आली. ड्रायव्हर म्हणाला, जाऊ द्या, सरकेल ते. रामटेके खाली उतरले, पिल्लू काढलं, आणि मालक सापडेना म्हणून खाकी झोळीत घालून घेऊन आले. घंटेची दोरी त्यांनी दोनदा ओढली की पिल्लू झोळीतून भुंकायचं. म्हणून नाव डबल. सुशीलाबाईंनी आधी आरडाओरडा केला. "आज कुत्रा आनला, उद्या रेडा आनसान!" पुढे तो तिच्याच खाटेखाली झोपू लागला. तिला कॅन्सर निघाला, नागपूरच्या फेऱ्या झाल्या, ती गेली. त्या दिवसांत घरात माणसं येऊन-जाऊन होती, पण रात्री उरायचे दोघंच. ते डबलशी अहो-जाहो करून बोलायचे. "चला साहेब, जेवन झालं, अंगणात चक्कर मारू." साध्या गावठी कुत्र्याला एवढा मान मी कुठे पाहिला नाही. तांबूस रंग, एक कान मोडलेला, आणि अनोळखी चप्पल दिसली की गुरगुरणारा.

मुलगी एकच, प्रज्ञा. नर्सिंग शिकली आणि जर्मनीला गेली. तिथेच एका नागपूरच्या मुलाशी लग्न केलं. तिला दिवस गेले तेव्हा तिने बापाला बोलावलं. पाहुणा म्हणून नाही, कायमचं. तिकडच्या सरकारने तसा परवाना दिला होता. तिला आई नव्हती, सासू नव्हती, नवरा पाळीवर जाणारा. बाळंतपणाच्या वेळी घरचं एक तरी माणूस जवळ असावं, एवढंच तिचं मागणं होतं. ते म्हणाले, येतो, पण आम्ही दोघं येऊ.

प्रज्ञाने चौकशी केली. कुत्रा विमानात नेता येतो. लहान असता तर पायाशी पिशवीत बसवला असता. डबल मोठा, त्याला खाली, सामानाच्या जागेतच जावं लागणार. हे ऐकून ते माझ्या दुकानात आले आणि बराच वेळ चौकटीला टेकून उभे राहिले.

"गुणवंतभाऊ, सामानाच्या खणात जीव राह्यते का?"

"राह्यते म्हनूनच नेतात ना. घोडे जातात, भाऊ. तुमचा कुत्रा काय घेऊन बसलात."

"घोड्याले कोनी विचारलं का, कसं वाटते म्हनून?"

मी हसलो. ते हसले नाहीत. पुढे प्रज्ञाने फोनवर समजावलं की तिथे हवा असते, ऊब असते, कप्तानाला सांगतात की खाली जीव आहे. हे शेवटचं त्यांना पटलं. "ड्रायव्हरले मालूम राह्यते," असं ते गावभर सांगत फिरले. "मी वर, तो खाली. गाडी एकच."

मग नियम सुरू झाले आणि माणूस खुलला. आधी कातडीखाली नंबरची चिप, त्यानंतरच पिसाळीची सुई. उलट झालं तर सुई मोजत नाहीत. सुईनंतर महिनाभर थांबून रक्त काढायचं, ते परदेशात तपासायला जायचं, आणि मग पुन्हा तीन महिने वाट पाहायची. मी असतो तर पहिल्याच खिडकीवर भांडलो असतो. ते म्हणाले, "रूल बरोबर आहे. नंबरच नसला त सुई कोनाले देल्ली, हे कसं समजन?" नागपूरला रक्त द्यायला ते डबलला एसटीनेच घेऊन गेले. कंडक्टर एक तरुण मुलगी होती. ती म्हणाली, "काकाजी, कुत्रा कसा नेऊ गाडीत?" यांनी आपली जुनी ओळख सांगितली नाही. तिला विचारून, कुणाला अडचण आहे का हे पासिंजरांना विचारून, शेवटच्या सीटवर डबलला पायात धरून गेले. परत आल्यावर तिचंच कौतुक करत होते. "पोरीनं आधी नाई म्हटलं. असंच पाह्यजे."

आता पेटी.

पेटीची मापं ते घेऊन आले. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत, जमिनीपासून कानाच्या टोकापर्यंत, आत उभं राहून फिरता आलं पाहिजे, चारही बाजूंनी हवा, दाराला आतून पाण्याची वाटी. ते म्हणाले, प्लायवूडची करा, हलकी होईल. मी म्हणालो, गडचिरोलीचा माणूस परदेशी चालला आणि प्लायवूड घेऊन? लोक थुंकतील माझ्या दुकानावर. माझ्याकडे वनखात्याच्या डेपोच्या लिलावातला एक ओंडका वर्षानुवर्षं पडून होता. असा सागवान आता मिळत नाही. तो मी कुणालाही दिला नसता, त्यांच्यासाठी चिरला.

तेवढ्यात प्रज्ञाचा निरोप आला. ते फोन माझ्या कानाशी धरून उभे राहिले. ती म्हणत होती की लाकूड वापरलंत तर ते भट्टीत तापवून कीड मारलेलं पाहिजे आणि त्यावर तसा छाप पाहिजे, नाहीतर इकडे घेत नाहीत.

रामटेक्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओंडक्याचं तोंड दाखवलं. वनखात्याच्या हातोड्याचा ठसा त्यावर चांगला उमटलेला.

"हा छाप नाई त काय आहे? आनि सागवानाले कीड लागते का, भाऊ? शंभर वर्षाच्या चौकटी निघतात घरातून, टिचभर भोक नसते."

"ते त खरं आहे," ते म्हणाले.

इथे कोणालाही विचारा. या जिल्ह्यात लाकडाला एकच छाप माहीत आहे. तो असला की लाकूड चोख, नसला की चोरीचं. दुसराही एखादा छाप जगात असतो हे कुरखेड्यात मला कोण सांगणार होतं? ठसा असलेली फळी मी मुद्दाम दाराच्या वर लावली, दिसावी म्हणून. पॉलिश केलं नाही, कुत्रा चाटेल म्हणून. वनखात्याकडून वाहतुकीचा पासही काढला. कुत्रा पाठवायचं काम ज्याला दिलं होतं त्या नागपूरच्या एजंटला पेटीचा फोटो पाठवला, त्याच्याकडून फोनवर अंगठा आला, म्हणजे चालेल. अजून काय करायचं असतं?

तीन महिने डबल त्या पेटीत झोपला. प्रज्ञाने सांगितलं होतं, पेटी त्याचं घर वाटली पाहिजे. रामटेक्यांनी तिच्यात सुशीलाबाईचं जुनं लुगडं अंथरलं. डबल जेवायचा तिथे, दुपारी पडायचा तिथे. पावलांचा आवाज आला की आतूनच गुरगुरायचा. कामगिरी फत्ते.

निघायच्या दिवशी माझीच गाडी होती. आरमोरीच्या पुढे नाक्यावर वनखात्याच्या माणसाने थांबवलं, पास पाहिला, टॉर्चने पेटी पाहिली आणि म्हणाला, "मामाजी, पेटी बनवावी त अशी." रामटेके मागे पेटीशेजारी उभेच होते, वाकून. मी आरशात पाहिलं. खूश होते.

नागपूरला एजंटचं गोदाम. तिथून त्याची गाडी कुत्र्याला मुंबईला नेणार, तिथे सरकारी डॉक्टर तपासणार आणि मग ज्या विमानात रामटेके त्याच विमानात तो. एजंट तरुण होता, कानात काहीतरी घालून बोलणारा. त्याने पेटीभोवती एक चक्कर मारली.

"याच्यावर स्टॅम्प कुठे आहे?"

मी दाराच्या वर बोट दाखवलं.

"हा नाही अंकल. हीट ट्रीटमेंटचा. कच्चं लाकूड युरोपात जात नाही. प्लायवूड असतं तर चाललं असतं."

मी चिडलो. चिडणारच. अंगठा दाखवला, पास दाखवला. म्हणालो, "अंगठा कशाले देल्ला मंग? खेळ आहे का? सागवानाले कीड लागते हे तुले कोनत्या गाढवानं शिकवलं?" तो म्हणाला, फोटोत दार दिसलं, लाकूड कळलं नाही. मी त्याच्या टेबलावर हात आपटला. मला माहीत आहे अशा ठिकाणी काय करायचं असतं. आवाज चढवायचा, वरच्या माणसाला बोलवायला लावायचं, मग खाली यायचं, चहा मागवायचा. अर्ध्या तासात रस्ता निघतो. मी आयुष्यभर रस्ते असेच काढले.

रामटेक्यांनी माझा दंड धरला.

"भाऊ, राहू द्या. रूल आहे त्याचा."

"अंगठा त्यानं देल्ला, भाऊ!"

"देल्ला. पन बिनाटिकिटाचा पासिंजर मी बी उतरवलाच असता."

हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. त्यांनी मला भांडू दिलं नाही. माझी तक्रार एवढीच आहे आणि ती त्यांच्याबद्दल आहे, पेटीबद्दल नाही.

एजंटने प्लास्टिकची पेटी आणली. माप बरोबर, जाळीचं दार, सगळं नियमात. डबल जवळ जाईना. लुगडं आत घातलं, तरी नाही. गोदामात कुठेतरी दुसरी कुत्री भुंकत होती, गाड्या मागे-पुढे होत होत्या. दोन पोरांनी त्याला मागून ढकललं तेव्हा त्याने फरशीवर नखं रोवली, मुतला, आणि असा एक आवाज काढला की मी बाहेर जाऊन उभा राहिलो. आत आलो तर एक पोरगा सांगत होता, "काका, लोक गुंगीची गोळी देतात गुपचूप. झोपून जातो."

"नाई," रामटेके म्हणाले. "वर गेल्यावर गुंगीत श्वास अटकते. पोरीनं सांगितलं आहे."

मी म्हणालो, मला एक रात्र द्या, इथेच कोणाच्या दुकानात बसून प्लायवूडची करतो. ते म्हणाले, करून देसान, पन तो नव्या पेटीत बसन का? मग मी, एजंट, पोरं, सगळेच म्हणालो, तुम्ही जा. कुत्रा मागून पाठवू, महिनाभराने. मी सांभाळतो. प्रज्ञाला फोन लागला. तिचा आवाज सगळ्या गोदामात ऐकू येत होता.

"बाबा, तुम्ही तरी या. मी एकटी आहे."

त्यांनी डबलकडे पाहिलं. तो त्यांच्या दोन पायांच्या मध्ये शिरून थरथरत होता.

"येतो न बाई," ते म्हणाले. "मांगच्या गाडीनं येतो. मांगची गाडी रिकामी येऊन राह्यली."

पलीकडून फोन ठेवला गेला. ती त्यांची मुलगी होती, तिला त्या वाक्याचा अर्थ माहीत होता.

परतीच्या वाटेवर डबल आपल्या सागवानी पेटीत गाढ झोपला.  त्यानंतर कित्येक दिवस मी त्यांच्या घरी गेलो नाही.

बाळ झालं. मुलगी. त्यांनी फोनवर पाहिली. फोन धरलेला हात लांब करून, मान मागे नेऊन, चौकटीला टेकून. लोक म्हणतात, ते फोनला म्हणत होते, "कुठी उतरली वं माय तू, इतक्या दूर?" प्रज्ञाचं बाळंतपण जड गेलं होतं. तेव्हा तिच्याजवळ शेजारची एक जर्मन बाई होती.

नवं तिकीट ठरलं, नागपूरहून प्लास्टिकची पेटी आली, आणि निघायच्या आत ते गेले. सकाळी चहा घेत होते. पेला खाली पडला, मग ते. शेजारच्यांनी मला बोलावलं तेव्हा डबल कुणालाही जवळ येऊ देत नव्हता. ओल्या बाळंतिणीला इतक्या लांबून अंत्यविधीला कसं येता येणार? ती पुढे पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आली, बाळाला घेऊन. वंदना झाली, लोक जेवले, आणि ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. सगळे ऐकत होते.

"काकाजी, बाबांनी प्लायवूडची सांगितली होती ना?"

मी म्हणालो, "सांगितली होती. मी चांगली करून देल्ली."

"चांगली होती," ती म्हणाली आणि निघून गेली. बाकीचं गावाने भरलं.

डबल तिच्याबरोबर गेला. कागद सगळे तयारच होते. तो प्लास्टिकच्या पेटीत कोणी न ढकलता शिरला, एक गोल फिरला आणि बसला. मी अंगणाच्या बाहेरून पाहत होतो. एजंटने पाठवलेला पोरगा म्हणाला, बरं झालं, ट्रेनिंग चांगलं दिलं आहे. ट्रेनिंग कसं दिलं होतं ते मला ठाऊक होतं.

रामटेके गेले त्याच्या आठवडाभर आधीची गोष्ट. एक कपाट पोचवायला मी त्यांच्या आळीतून चाललो होतो. कुंपणातून अंगणात नजर गेली. प्लास्टिकची पेटी मधोमध, दार उघडं, आणि दारातून दोन पाय बाहेर आलेले. तळवे भेगाळलेले, पायजमा गुडघ्यापर्यंत सरकलेला. रामटेके पेटीच्या आत होते. ज्या माणसाला खुर्चीत बसवणं मला जमलं नाही, तो अंगाची घडी करून त्या खोक्यात पडला होता. गुडघे दुखत असणार. डबल बाजूला उभा होता, मोडलेला कान हलवत.

मी गाडी थांबवली. मनात राग होताच, तरी विचारलं.

"काय करून राह्यले, भाऊ?"

आतून आवाज आला, जरा घुमल्यासारखा.

"हवा येते, गुणवंतभाऊ. मले वाटलं होतं कोंडन. नाई कोंडत. चारही कडून येते." मग थोडं थांबून, "तुमचे पाय बी दिसते इथून."

डबलने मान वाकवली. एक पाऊल टाकलं, थांबला, आणि नाक त्यांच्या तळव्याला लावून दाराच्या आत नेलं.

"आता बोलू नका," आतून हळूच आलं.

मी बोललो नाही.